तळपायावरचं काळं

सन २००४. मी सहासष्ट वर्षांचा होतो. गुडघे ठणठणीत, दात निम्मे, आणि डोकं लोक म्हणायचे तसं, म्हणजे दगड. चौथीत शाळा सोडली. अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत फिटर म्हणून सगळी नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावर तिथल्याच एका गोदामावर दिवसपाळीची वॉचमनकी धरली. घरी बसून खाणं मला जमलं नसतं.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास बायकोने भाकरी तव्याच्या बाहेर टाकली. सरळ शेगडीच्या कडेवर. मी हसलो. ती हसली नाही.

"अहो, तवे दोन दिसतात," ती म्हणाली. "मला वाटलं, हाच खरा."

बदलापूरला डोळ्यांचं एक धर्मादाय इस्पितळ होतं, तिथे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन करू म्हणाले. पण त्याआधी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि डॉक्टरने तोंड वाकडं केलं. "आजोबा, आजींचं प्रेशर फार आहे. या प्रेशरवर डोळ्याला हात लावता येणार नाही. आधी हे खाली आणा, मग या."

बाहेर येऊन आम्ही बाकड्यावर बसलो. मी तिची समजूत घालायला लागलो की दिसतंय तेवढं पुरे आहे, घरात तरी कुठे काय बघायचंय.

ती म्हणाली, "मला काही सिनेमा बघायचा नाहीये. पोरीचं तोंड बघायचंय एकदा. आणि तिच्या पोटात जे आहे त्याचं."

पोरीच्या पोटात काही आहे हे मला त्या बाकड्यावर कळलं. हिला कुठून कळलं ते मी विचारलं नाही.

पोरीचं सांगायला हवं. आम्हाला ती एकच. उल्हासनगरात भांड्यांच्या दुकानात कामाला असलेल्या एका सिंधी मुलाशी तिने कोर्टात जाऊन लग्न केलं आणि मग घरी येऊन मला सांगितलं. मी जेवत होतो. मी एवढंच म्हणालो, "आजपासून या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही." तिने चप्पल उचलली आणि गेली. पोरगी माझीच, तीही पुन्हा विचारायला आली नाही. आमच्यात लग्नात आईबाप मुलीचे पाय धुतात. तिचे पाय धुवायचे राहिले ते राहिलेच. त्याला तीन वर्षं झाली होती.

तर प्रेशर खाली आणायचं होतं. अंबरनाथ स्टेशनजवळ एक तरुण डॉक्टरीण बसायची. तिने गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. मीठ कमी करा म्हणाली. लोणचं बंद, पापड बंद, सुकट बंद. सुकट म्हटल्यावर बायकोचं तोंड असं झालं जसं काही कुणी माहेरचा रस्ता बंद केला. मग ती हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासतात. अंगातली धग जाते. ते चालेल का?"

डॉक्टरीण हसली. "चालेल ना, आजी. मालिशने बरं वाटतं, झोप लागते, जीव शांत होतो. त्याचाही प्रेशरला उपयोग होतो. पण आजोबा, गोळी चुकवायची नाही. आणि महिन्याला इथे येऊन मशीन लावून जायचं. मालिश गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला."

"बरं," मी म्हणालो.

वाटी बायकोच्या आईची. बायकोचं माहेर बदलापूरजवळच्या खरवईचं. तेव्हा खरवई म्हणजे भाताची खाचरं आणि चार घरं. लग्नात सासूने मुलीच्या ट्रंकेत जी भांडी घातली त्यातलं तेवढं एक शिल्लक होतं. तळहातात मावेल एवढी, जड, आणि टिचकी मारली तर बराच वेळ वाजत राहायची. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक आहे. तळपायाला तूप नाहीतर खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. थोड्या वेळाने पाय काळा पडतो, तव्याखालच्या काजळीसारखा. ते काळं म्हणजे अंगातली उष्णता. जितकं काळं जास्त, तितकी धग जास्त. कमी काळं आलं की समजायचं माणूस निवला. माझी आई असंच सांगायची, तिची आईही असंच सांगायची. आम्ही कुणी त्यावर कधी वाद घातला नाही.

आधी ती स्वतःच घासायला बसली. पण खाली वाकलं की तिचं डोकं ठणकायचं. मी बघत होतो. म्हणालो, "आण इकडे."

"तुम्ही? माझे पाय धरणार?"

"धरतो. काय झालं? आयुष्यभर व्हॉल्व्ह घासले, दोन पाय घासता येत नाहीत?"

पहिल्या दिवशी मी असा जोर लावला की ती खाटेवरून ओरडलीच. "अहो, हा पाय आहे, पाइप नाही!"

मग शिकलो. संध्याकाळी ड्युटीवरून आलो की आंघोळ, चहा, आणि मग मी खाली पाट टाकून बसायचो. ती खाटेच्या कडेला. कोमट पाण्याने पाय पुसायचे, मांडीवर जुना टॉवेल, त्यावर तिचा पाय. आधी नुसत्या हाताने तेल जिरवायचं, पोटऱ्यांपासून खाली. मग वाटी. टाचेपासून बोटांपर्यंत, परत टाचेकडे. उजवा पाय आधी, मग डावा. तिच्या टाचांच्या भेगा मला तोपर्यंत माहीत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी तिच्या टाचा बघितल्याच नव्हत्या.

तिला दिसायचं नाही. ती विचारायची, "काळं आलं?"

"आलं."

"खूप?"

"तुझ्या आईची कढई."

"मग घासा अजून."

चाळीत दार बंद करून कुणी बसत नाही. येणारे-जाणारे बघायचे. कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला एकदा दारातून म्हणाला, "क्या बात है काका, या वयात काकूंचे पाय दाबता?"

"दाबतो. तुझ्या बापाने दाबले असते तर तुझी आई वर्षातून चारदा माहेरी गेली नसती."

सगळी चाळ हसली, तोही हसला. शेजारची काकू मात्र माझ्या बायकोला म्हणाली, "नशीब काढलंस गं. आमच्याकडे पाय चेपायचं राहू दे, पायरीवर आपटले तरी कुणी विचारत नाही."

बायको लाजली. खरंच लाजली, त्या वयात. पदर ओठांशी नेला.

दिवाळी झाली. डॉक्टरणीकडे आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा प्रेशर थोडं उतरलं होतं, दुसऱ्यांदा तिथेच होतं. तिसऱ्यांदा मी म्हणालो, जायची गरज काय? मशीन त्यांच्याकडे आहे, पाय माझ्याकडे आहेत. मला रोज दिसतंय. गोळी मी रोज माझ्या हाताने देत होतो, ती एकही चुकली नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण बघायचं झालं तर मी तिचा तळपाय बघायचो. तीही तेच विचारायची. आमच्या घरचं मशीन ते.

थंडी सुरू झाली होती. एका संध्याकाळी तिने नेहमीसारखी फडक्यात गुंडाळलेली वाटी माझ्या हातात दिली. मी घासायला लागलो. घासतोय, घासतोय, काळं येईना. पाय पुसला, पुन्हा तेल लावलं, पुन्हा घासला. गुलाबी. लहान पोराच्या पायासारखा.

"काळं आलं?" तिने विचारलं. त्या दिवशी आवाज जरा बारीक होता. मला तो आत्ता आठवतो. तेव्हा मला कशाचा पत्ता?

"नाही!" मी म्हणालो. "अगं, नाही आलं! कणभर नाही!"

तिने चाचपून फडकं घेतलं आणि त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर मी बघितलं आणि मग माझ्याने राहवेना. नाक्यावरून पेढे आणले आणि चाळीत वाटले. शेजारच्या काकूला म्हणालो, "निवली. सगळी धग गेली. आता डोळे करून आणतो." काकू म्हणाली, "काका, तुम्ही डॉक्टरच व्हायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "चौथी पास असतो तर झालो असतो." बायको आत खाटेवर बसून ऐकत होती. मी तिच्या हातात पेढा ठेवला. तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा तसाच मुठीत धरून बसली.

"काय झालं? गोड नाही?"

"गोड आहे."

मी रजा टाकली आणि तिला घेऊन पुन्हा बदलापूरला गेलो. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. इस्पितळात नर्सने पट्टा बांधला. एकदा फुगा दाबला. मग दुसऱ्यांदा दाबला. मग आत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. त्याने स्वतः दाबला.

"आजी, आज नाही होणार," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "प्रेशर आधीपेक्षा जास्त आहे. औषध कोण देतं यांना? उद्याच्या उद्या त्यांना दाखवा. गोळी बदलावी लागेल. उद्याच, हं."

मी म्हणालो, "मशीन बिघडलंय तुमचं."

"आजोबा..."

"माझ्या हाताला लावा. बघू."

नर्सने कटकट नको म्हणून लावलं. माझं बरोबर आलं. जवान पोरासारखं, म्हणाली. म्हणजे मशीन चांगलं होतं.

परतताना शेअर रिक्षा मिळाली. खरवईच्या बाजूने रस्ता जातो. तिने बाहेर तोंड केलं आणि विचारलं, "खरवई आली का?"

"आली."

"खाचरं कापून झाली असतील आता."

मी बाहेर बघितलं. बांबूचे परांचे, सिमेंटच्या गोण्या, अर्ध्या उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी. "खाचरं नाहीत. बिल्डिंगी आहेत सगळ्या."

"मग दिसत नाही ते बरंच आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी मी पाटावर बसलो. तिने फडकं पुढे केलं. मी उजवा पाय मांडीवर घेतला आणि घासायला लागलो. राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. घासताना तेलाने बोटं सरकली आणि वाटी हातातून सुटली, फरशीवर पडली.

खट्.

एवढाच आवाज. पडली आणि गप्प झाली.

मी सगळी नोकरी लोखंडाचा आवाज ऐकण्यात घालवली आहे. कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा आहे की नाही हे आम्ही हातोडी मारून कानाने सांगायचो. कासं पडलं तर घंटेसारखं वाजतं, खोलीभर फिरतं, मग हळूहळू विरतं. हे कासं नव्हतं. मी वाटी उचलली. नव्या पितळेची होती. चकाकी टिकावी म्हणून वरून पारदर्शक पॉलिशचा थर दिलेली. इतके दिवस ती माझ्या हातात होती. पण मी वाटीकडे कधी बघितलंच नव्हतं. मी पायाकडे बघायचो.

मी मान वर केली. ती माझ्याकडेच तोंड करून बसली होती, डोळे दुसरीकडेच. आवाज तिनेही ऐकला होता. तिला तर माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायचं.

"कळलं ना," ती म्हणाली.

"वाटी कुठे आहे?"

"पोरीकडे."

"इथे आली होती?"

"दुपारची येते मधून मधून, तुम्ही ड्युटीवर असता तेव्हा. आत नाही आली कधी. तुमचा शब्द मोडला नाही तिने. बाहेर पायरीवर बसते, मी इकडून उंबऱ्याशी बसते. तिचे पाय सुजलेत. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो, भरतच नाही लवकर. तिला पण प्रेशर सांगितलंय तिकडच्या दवाखान्यात. तिचे पाय बघायला मला डोळे लागले नाहीत. मी वाटी दिली तिला. म्हटलं, रोज घास."

"आणि ही?"

"जावयांनी दुकानातून आणून दिली. त्याच मापाची शोधून. काशाची मिळाली नाही म्हणाले लगेच."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर देऊ दिली असती?"

"नाही."

"मग?"

मी वाटी फडक्यात ठेवली. म्हणालो, "काळं येत नाही म्हणून मी पेढे वाटले."

"तुम्ही इतके खूश झालात," ती म्हणाली. "मुलगी झाली तेव्हा पण तुम्ही एवढे खूश नव्हता. मला तोडवेना. म्हटलं, कुणी सांगावं, खरंच उतरलं असेल. गोळी तर चालूच आहे."

मी उठलो. टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

"डावा राहिला," ती म्हणाली.

"उद्या."

आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं. बारवी धरणाचं पाणी, तासभरच. नळावर तिचा नंबर पहिला, त्यात कुणी घुसायचं नाही. डोळे गेले तरी पाणी तिनेच भरलं. हंडा भरत आला की पाण्याचा आवाज बदलतो, त्यावरून ती नळ बंद करायची. एक थेंब बाहेर सांडायची नाही. बायका म्हणायच्या, हिला डोळे कशाला हवेत?

त्या पहाटे मी अंथरुणात जागा होतो. डॉक्टरणीकडे किती वाजता निघायचं ते मनात ठरवत होतो. बाहेर हंडा भरत होता. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मग पाणी काठावरून वाहायला लागलं. फरशीवर पडायला लागलं. मी वाट बघितली की आता बंद करेल. ती करेना.

मी धावलो तेव्हा ती नळाजवळ कुशीवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. घशातून घरघर येत होती. मी हाक मारली तर तिने मान हलवली, पण माझ्या बाजूला नाही. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लुगडं भिजलेलं. इस्पितळात नेलं, त्यांनी आत घेतलं, आणि मी उभा होतो तिथेच उभा असताना एक डॉक्टर बाहेर आला. मेंदूतली शीर फुटली, म्हणाला. त्याने खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. कुणी खांद्यावर हात ठेवलेला मला चालत नाही.

दुपारी घरी आणलं. बायकांनी आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ते भाग्याचं समजतात, नवऱ्याआधी जाणं. दोन-तीन जणींनी मला तसं ऐकवलं पण. मी भिंतीशी बसलो होतो.

तेवढ्यात दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर, स्वतःही बाहेर. हातात काहीतरी रुमालात गुंडाळलेलं. मी त्याला एकदाच बघितला होता, लग्नाच्या फोटोत, आणि तो फोटो मी उलटा ठेवला होता.

"बाबा," तो म्हणाला. त्याने रुमाल पुढे केला. "हे... आईंचं आहे. तिने दिलं. ती नाक्यावर रिक्षात बसली आहे. येत होती, पण इथल्या बायकांनी..."

शेजारची काकू पुढे झाली. रडून तिचा आवाज बसला होता. "काका, आम्हीच नको म्हटलं. दिवस भरत आलेत तिचे. पोटुशी बाई प्रेत बघत नाही. पोटातल्या जिवाला लागतं. तिला सांगितलं, बाई, लांबूनच नमस्कार कर."

मी दारातून बाहेर बघितलं. गल्लीच्या टोकाला रिक्षाचं हूड दिसत होतं. आणि हुडाच्या खाली एक हात, बाहेरच्या दांडीला धरलेला. एवढंच. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. त्याच्या पुढे गेलो नाही. रीत आहे ती, म्हाताऱ्या बायका उगीच सांगत नाहीत, असं मी मनाशी म्हणालो. आणि हिला पोरीचं तोंड बघायचं होतं. आता पोरीला हिचंही दिसणार नव्हतं.

मी रुमाल सोडला. टिचकी मारली. वाटी वाजली, बराच वेळ वाजत राहिली. खोलीतलं रडणं थांबलं तेवढ्यापुरतं.

मी तेलाची बाटली घेतली आणि तिच्या पायाशी बसलो. कुणीतरी म्हणालं, "काका, आंघोळ झाली त्यांची." दुसरी म्हणाली, "करू दे गं."

डावा राहिला होता.

पाय गार होता. जड होता. मी टॉवेल मांडीवर घेतला, तेल लावलं आणि वाटी फिरवायला लागलो. टाचेपासून बोटांपर्यंत, परत टाचेकडे. जोर लावला नाही.

आणि काळं आलं.

आधी टाचेवर, भेगांच्या कडांना. मग चवड्यावर. मग सगळ्या तळव्यावर, रोजच्यासारखं, तव्याच्या काजळीसारखं. मी हात थांबवला. तिच्या अंगात धग नव्हती. काहीच नव्हतं अंगात. मी पुन्हा एकदा फिरवून बघितली, आणखी काळं झालं. मग मी माझ्याच मनगटावर तेलाचं बोट लावलं आणि वाटी घासली. तिथेही आलं.

म्हणजे ते वाटीचं होतं. पहिल्यापासून वाटीचं. माणसाचं कधी नव्हतंच.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तिथे सांगण्यासारखं कोण होतं? जिला सांगायचं ती विचारायची, "काळं आलं?" मी तिच्या कानाशी वाकलो. लोकांना वाटलं म्हातारा शेवटचं काही बोलतोय. मी फक्त म्हणालो, "आलं."

ते काळं मी पुसलं नाही. तसाच पाय घेऊन ती गेली. मुलगा नाही, म्हणून मीच अग्नी दिला. जावई मागे चालत होता, चार पावलं अंतर ठेवून. मी त्याला खांदा देऊ नको असं म्हणालो नाही. त्याने दिला. गल्लीचं टोक आलं तेव्हा रिक्षा तिथे नव्हती. बायकांनी तिला परत पाठवलं होतं.

घरी आलो. दिवा लावलेला होता, पायरीवर हात-पाय धुवायला पाणी ठेवलेलं. काकूने पिठलं-भात आणून दिला. मीठ कमी होतं त्यात. तिला माहीत होतं आमच्या घरात मीठ कमी लागतं. मी दोन घास खाल्ले. मग वाटी घेऊन खाटेच्या कडेला बसलो, ती बसायची तिथे. समोर पाट रिकामा. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. पोरगी रोज पाय घासत होती. काळं येत होतं तिला. आणि तिला वाटत असणार, धग निघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, नळावर गेलो, हंडा भरला. बराच बाहेर सांडला. मग वाटी खिशात घातली आणि उल्हासनगरची रिक्षा पकडली. सुतकात माणूस कुणाच्या दारी जात नाही, हे मला माहीत आहे. तिथल्या सिंधी कॅम्पात त्या भांड्यांच्या दुकानावर पत्ता विचारला, दुकानदाराने माणूस बरोबर दिला. दुसरा मजला. दार जावयाने उघडलं. मला बघून तो मागे सरकला. मी आत गेलो नाही. बाहेरच उभा राहिलो आणि हाक मारली.

ती भिंत धरत आली. मी तिला तीन वर्षांनी बघत होतो. तोंड सुजलेलं, रडून का प्रेशरने ते कळेना. आईसारखी दिसत होती. एवढी कधी दिसली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली.

"चप्पल घाल."

"कुठे?"

"दवाखान्यात. मशीन लावायला."

"मी रोज घासत होते, बाबा. काल सकाळपर्यंत. खूप काळं निघतं. आई म्हणाली होती..."

"ते वाटीचं असतं," मी म्हणालो. "तुझं नाही. चल."

ती चप्पल घालायला लागली, पण पोटामुळे वाकता येईना. पायाच्या सुजेने पट्टा लागेना. दोनदा प्रयत्न करून ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. मी उंबऱ्याच्या आत गेलो, खाली बसलो, तिचा पाय मांडीवर घेतला आणि चपलेचा पट्टा सैल केला.